पाणी फिरलं होतं

सिल्वासाजवळच्या अथालमधल्या चाळीत गोकुळ आणि त्याची बायको सोनम राहायला आले, तेव्हा शेजारच्या खोलीत योगेश एकटाच राहत होता. गोकुळ शहाद्याकडचा, योगेश दापोलीकडच्या एका समुद्रकाठच्या गावचा. दोघंही सिल्वासातल्या एकाच यार्न कंपनीत, एकाच पाळीत. सामान अजून लावून व्हायचं होतं, तोच योगेश दारात येऊन उभा राहिला. हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

"वहिनी, मासे साफ करता येतात ना?"

सोनमने तापीचे मासे पाहिले होते, समुद्राचे नाही. "येतात की," असं म्हणून ती विळी घेऊन बसली आणि पहिल्याच माशाचं पित्त तिने फोडून ठेवलं. योगेशने तो कडू रस्सा एक शब्द न बोलता संपवला. पुढच्या गुरुवारी पुन्हा पिशवी घेऊन आला. या वेळी मात्र शेजारी बसून, मासा कसा धरायचा, पोटात सुरी कुठून घालायची, हे त्याने तिला दाखवलं.

कंपनीची सुट्टी गुरुवारी असायची. त्या दिवशी योगेश कुठे जातो, याचं गोकुळला नवल वाटायचं.

"इथं समुद्र कुठंय भो?" त्याने विचारलं.

"इथं नाय. पण गाडीत पेट्रोल हाय," योगेश म्हणाला. "येतोस?"

नरोली, भिलाड, रेल्वेचं फाटक, मग चिकूच्या वाड्या आणि सुरूची झाडं. तासाभराने मोटारसायकल वाळूत रुतली आणि गोकुळने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिथे किनारा कोयत्यासारखा आत वळलेला होता आणि त्या वळणात पाणी निवांत पसरलेलं. गावातल्या होड्या पलीकडच्या टोकाला लागत. या बाजूला कोणी येत नसे. ओहोटी लागली की पाणी लांबवर मागे जाई आणि काळ्या खडकांचा एक सपाट पट्टा उघडा पडे. योगेश त्याला खडप म्हणायचा. वाळू आणि खडप यांच्यामध्ये एक घळ होती. ओहोटीला ती घोट्याइतक्या पाण्यातून ओलांडता येई.

या घळीवर योगेशची सतत नजर असे. "भरती लागली की पाणी आधी या घळीत शिरतं," त्याने पहिल्याच दिवशी गोकुळला सांगितलं. "खडपावर उभ्या माणसाला समोर सगळं शांत दिसतं, आणि पाठीमागची वाट बंद झालेली असते. तो पांढरा दगड बघ. त्याला पाणी टेकलं की मी हाक मारणार, पाणी फिरलं. मग गळाला मासा असो नाहीतर देव असो, निघायचं."

गोकुळ पोहू शकत नव्हता. तो मुकाट्याने निघायचा.

पहिली दोन वर्षं तो नुसता गळ टाकत होता. योगेशकडे पाग होती, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. ती त्याने चाळीतल्या खोलीत बसून स्वतः विणली होती. दोरी डाव्या मनगटाला अडकवायची, जाळ्याचा एक काठ खांद्यावर घ्यायचा आणि कंबरेतून वळून फेकायचं. योगेशने फेकलं की ते हवेत ताटासारखं उघडे आणि पाण्यावर पडताना पाऊस पडल्यासारखा आवाज येई. गोकुळने फेकलं की चिंधी पडल्यासारखं पडे. योगेश पोट धरून हसायचा. पण तिसऱ्या वर्षी एके दिवशी गोकुळच्या हातूनही ते पुरतं उघडलं. तो इतका आनंदला, की जाळ्यात काय आलं ते बघायचंच विसरला.

एकदा भाकरी खाताना योगेशने त्याला आपल्या घरचं सांगितलं. तो नऊ वर्षांचा असताना वडील होडीसकट गेले. होडी तिसऱ्या दिवशी उलटी सापडली, माणूस सापडला नाही. आईने, सरुबाईने, ओहोटीला खडपावर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढून त्याला वाढवलं. पाणी ओळखायला त्याला तिनेच शिकवलं, आणि बारावी झाल्यावर सिल्वासाला धाडलं तेही तिनेच. तिथे समुद्र नाही, एवढी एकच गोष्ट तिने त्या गावाबद्दल विचारून घेतली होती. निघायच्या दिवशी देवासमोर उभं करून तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं, होडीत पाय ठेवायचा नाही.

"मी ठेवला नाय अजून," योगेश म्हणाला. "मासे मारतो ते काठावरून. पण हे तिला सांगितलेलं नाय. उगाच झोप घालवून बसंल."

अशी सहा वर्षं गेली. योगेशचं लग्न जमत नव्हतं आणि त्याला त्याची घाईही दिसत नव्हती. सोनमच्या हाताला कालवणाची चव आली होती. माहेरी गेली तरी ती बुधवारी परत यायला बघे.

गेल्या पौषातली गोष्ट. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी नऊच्या सुमाराला पाणी पार खाली गेलं होतं. योगेशच्या खांद्यात आठवडाभर चमक भरत होती, म्हणून त्याने पाग गोकुळला दिली आणि स्वतः घळीच्या जवळ गळ टाकून बसला. गोकुळ खडपाच्या बाहेरच्या टोकाला गेला.

तासभर काहीच आलं नाही. मग अचानक टोकाजवळचं पाणी थरथरल्यासारखं झालं. बोइट माशांचा थवा काठाला लागला होता. गोकुळने जाळं टाकलं आणि ओढलं तर चौदा मासे. इतके कधीच मिळाले नव्हते. त्याने मासे पिशवीत कोंबले. त्याने पुन्हा टाकलं. नऊ.

"पाणी फिरलं!" योगेशची हाक आली.

गोकुळने मागे पाहिलं. योगेश उभा राहून हात हलवत होता. समोर थवा अजून फिरत होता, माशांच्या पाठी दिसत होत्या.

"एक शेवटची टाकतो!" गोकुळ ओरडला.

"नको! चल!"

त्याने टाकली. जाळं छान उघडलं, पण खाली जाऊन खडकाच्या कपारीत अडकलं. त्याने ओढलं, येईना. पाणी गुडघ्याला लागलं होतं, तेवढ्यात एक लाट येऊन मांडीपर्यंत चढली. दोरी ओली होऊन मनगटात आवळली होती. गाठ सुटेना. लाट मागे जाताना जाळ्याने त्याला तोंडघशी पाडलं. तो उठला, पुन्हा पडला. तेव्हा तो योगेशच्या नावाने ओरडला.

योगेश घळीच्या पलीकडे, वाळूवर पोचला होता. तिथून तो परत आला. छातीइतक्या पाण्यातून घळ ओलांडून, खडपावरून धावत. त्याने कमरेची सुरी काढली आणि दोरी कापली. गोकुळला दंडाला धरून घळीपाशी आणलं. आता तिथे डोक्यावर पाणी होतं आणि ते वाहत होतं. योगेशने एका हाताने त्याची कॉलर धरली आणि पोहायला लागला. गोकुळ बुडायच्या भीतीने त्याच्या गळ्यातच पडत होता.

"मला धरू नकोस! उताणा हो!"

गोकुळला ते जमेना. कितीदा तरी दोघं खाली गेले आणि वर आले. मग योगेशने त्याला सोडवलं, पाठीमागून दोन्ही हातांनी जोर लावून पुढे ढकललं. गोकुळ हातपाय मारत, पाणी गिळत होता. मागून आवाज आला.

"पाय लागतील! उभा राहा!"

तो उभा राहिला. पाणी छातीला होतं. खाली वाळू होती. त्याने वळून पाहिलं तर घळीतून पाणी जोराने आत जात होतं आणि त्यावर कोणी नव्हतं.

पलीकडच्या टोकाच्या होडीवाल्यांनी दुपारपर्यंत शोधलं. योगेश दुसऱ्या दिवशी सकाळी वळणाच्या दुसऱ्या काठाला सापडला.

अपघाताच्याच दिवशी दुपारी जवळच्या पोलीस चौकीत गोकुळला बाकावर बसवलं होतं. कोणीतरी त्याच्या अंगावर चादर टाकली होती. हवालदार गुजरातीत आणि हिंदीत विचारत होता.

"जाळं कोणाचं?"

"त्याचं."

ते खरंच होतं. जाळं योगेशचंच होतं.

"अटकलं? मग तो काढायला गेला?"

गोकुळने होकारार्थी मान हलवली. हवालदाराने लिहिलं. गोकुळने सही केली. त्या वेळी त्याने काही ठरवलं नव्हतं. दात वाजत होते, आणि समोरचा माणूस जे म्हणत होता त्याला हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं. पण लिहिलेलं वाचून दाखवल्यावरही तो गप्प राहिला, हे त्याला नंतर विसरता आलं नाही.

योगेशला कंपनीच्या गाडीने गावी नेलं. गोकुळ तेव्हा इस्पितळात होता, छातीत पाणी गेलं होतं. घरी आल्यावर त्याने सोनमला सगळं सांगितलं. ती बराच वेळ त्याच्या मनगटावरच्या जखमेला मलम लावत राहिली.

"आता सांगून काय होणार आहे?" ती शेवटी म्हणाली. "तो येणार आहे का परत? तुमच्यामागे उगाच चौकशी लागंल."

कंपनीत पाळी सुरू होण्याआधी दर सोमवारी सुरक्षेबद्दल पाच मिनिटं बोलतात. त्या सोमवारी सुपरवायझरने योगेशचं उदाहरण दिलं. "भाई लोग, एक जाळीके लिये आदमी गया. पट्टा फसला तर सोडून द्या, बॉबिन फसली तर सोडून द्या. योगेशसारखा वेडेपणा करू नका." माणसं हळहळली. कोणी म्हणालं, कोळ्याचा पोर असून कसं कळलं नाही. गोकुळ खाली मान घालून उभा होता.

महिना झाला. माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सरुबाईचा फोन आला, मी वापीला उतरले आहे.

गोकुळ धावतपळत स्टेशनवर गेला. फलाटाच्या कडेला एक काटक बाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हातांची बोटं चिरांनी भरलेली, नखं बोथट. योगेशची जिवणी तिचीच होती.

"तू गोकुळ," ती म्हणाली. विचारलं नाही.

"हो मावशी. कोणाला तरी बरोबर घेऊन यायचं ना. मी आलो असतो घ्यायला."

"माझी मी आले."

अथालला आल्यावर तिने योगेशची खोली उघडून घेतली. चटई, पंखा, दोन पँटी, कंपनीचं ओळखपत्र, कोपऱ्यात सुताची रिळं आणि जाळं विणायची सुई. सुई हातात घेऊन ती बराच वेळ बसली. सोनमने चहा आणला, तो निवून गेला.

"हे मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं इथं जाळी विणत व्हता, आणि मला सांगितलान नाय." मग थोड्या वेळाने, "दर बुधवारी फोन करायचा. विचारायचा, आये, उद्या तिथी कोणती गं? मी सांगायची. अष्टमी हाय, नवमी हाय. म्हटलं, पोर देवाधर्माला लागला. शेजारणीला कौतुकानं सांगायची मी."

सोनम तोंडाला पदर लावून बाहेर गेली. तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ काढतात, हे सहा वर्षांत तिलाही कळलं होतं.

सरुबाई रडली नाही. सामान घ्यायलाही आली नव्हती.

"उद्या पुनव," ती गोकुळला म्हणाली. "सकाळी सुकं पडेल, खडप उघडं व्हईल. मला ती जागा दाखव."

गोकुळने सांगून पाहिलं, लांब आहे, दगड निसरडे आहेत. तिने ऐकून घेतलं आणि योगेशची चटई अंथरली.

सकाळी त्याने ओळखीच्याची रिक्षा केली. सोनमही आली. किनाऱ्यावर पोचले तेव्हा पाणी दूर गेलं होतं आणि खडप उघडं पडलं होतं. सरुबाईने चपला वाळूत काढल्या, लुगडं गुडघ्यांपर्यंत खोचलं आणि कोणाची वाट न बघता चालायला लागली. घळीपाशी थांबून तिने वाकून तळ बघितला, खडपाची उंची बघितली. पाणी कुठून आत येत असेल ते तिला सांगावं लागलं नाही.

"इथं गेला?"

"हो मावशी."

"पाणी फिरल्यावर जाळं काढायला गेला."

गोकुळ पांढऱ्या दगडाकडे बघत राहिला.

"मी त्याला सात वर्षांचा असल्यापासून खडपावर नेत व्हते," ती म्हणाली. "एकदा माझा कोयता पडला कपारीत. नवा व्हता. पाणी फिरलेलं. मी वाकले तर या पोरानं माझा हात ओढलान. म्हणाला, आये, चल, कोयता दुसरा मिळंल. आठ वर्षांचा व्हता तेव्हा. महिनाभर मी रात्रंदिस हाच विचार करते. एवढा शिकला-सवरला नि एका जाळ्यापायी कसा गेला? मीच कायतरी शिकवायला चुकले."

ती पुढे सरकली. एका शेवाळलेल्या दगडावर तिचा पाय घसरला. गोकुळने चटकन हात पुढे केला आणि तिने तो मनगटाला धरला. सदऱ्याची बाही मागे गेली. तिचा अंगठा त्याच्या मनगटावरच्या वळावर पडला. अजून जांभळा होता तो, काकणासारखा गोल.

ती तोल सावरून उभी राहिली, पण हात सोडला नाही. हात उजेडाकडे वळवून तिने नीट बघितलं.

"ही पागेची दोरी," ती म्हणाली.

गोकुळने बाही खाली ओढायला बघितलं.

"जाळं त्याचं अडकलं. आणि दोरी तुझ्या हातात?"

"मावशी..."

"सांग."

मागे वाळूवर सोनम उभी होती. तिने तिथूनच मान हलवली. नको म्हणते की सांग म्हणते, ते गोकुळला कळलं नाही. पण आता त्याने ते तिच्यावर सोडलं नाही. तो ओल्या खडकावर बसला आणि सांगत गेला. थवा, चौदा मासे, मग नऊ. हाक. एक शेवटची टाकतो, असं मी म्हणालो. तो नको म्हणत होता. तो पलीकडे पोचला होता, मावशी. तो वाचला होता. मी ओरडलो म्हणून तो परत आला.

सरुबाई उभी राहून ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "दोरी कापलीन की सोडवलीन?"

"कापली. सुरीनं."

"मग?"

"मला ओढत आणलं. मी त्याच्या गळ्यात पडत होतो. मी त्याला पोहू दिलं नाही." गोकुळने घळीकडे बोट केलं. "त्यानं मला पुढे ढकललं. म्हणाला, पाय लागतील, उभा राहा. मी उभा राहिलो, मागे बघितलं तर..."

"हे शेवटचं बोलला?"

"हो."

"परत सांग. काय म्हणाला?"

"पाय लागतील, उभा राहा."

तिने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं. पाणी अजून फिरलं नव्हतं. लांब टोकाला बगळे उतरले होते. ती बोलली, तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"पाण्यात गेला तो गेला. पाण्यानं माझा नवरा नेलान, मला पाणी काय नवीन नाय. पण लोकांत तू त्याला येडा का केलंस रे?"

ती घळीकडे वळली.

"गावात लोकं म्हणतात, सरूचा पोर जाळ्यापायी मेला. मी ऐकून घेतलं. मीपण म्हणाले. त्याला शिव्या दिल्या मी, त्याच्या पिंडासमोर बसून. कावळा शिवेना, तर म्हटलं, मेल्या, जाळ्यात जीव अडकलाय तुझा. असं बोलले मी माझ्या पोराला."

सोनम आता जवळ आली होती. ती सरुबाईच्या पायांशी वाकली. "मीच नको म्हटलं होतं त्यांना, मावशी."

सरुबाईने तिला उठवलं नाही, बाजूलाही केलं नाही. "कुठं लिहून दिलंस?" तिने गोकुळला विचारलं. "चल तिथं."

चौकीत तोच हवालदार होता. प्रकरण बंद झालं, आता काय करायचं, असं त्याने हिंदीत सांगितलं. सरुबाईला हिंदी धड येत नव्हती. ती बाकावर बसली आणि म्हणाली, लिहून झाल्याशिवाय मी उठणार नाही. तासाभराने त्याने कोरा कागद पुढे केला. गोकुळने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं. लिहून झाल्यावर सरुबाईने तो त्याच्याकडून वाचून घेतला. चार ओळी वाचून झाल्यावर म्हणाली, "त्यानं हाक मारली व्हती, ते घाल." गोकुळने ते घातलं.

दुपारीच ती निघाली. राहा म्हटलं तर राहिली नाही. योगेशच्या खोलीतली फक्त सुई तिने पिशवीत टाकली. वापीला गाडी यायला वेळ होता. गोकुळ तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला होता.

"मावशी, मी गावी येऊन सांगतो सगळ्यांना."

"नको. मी सांगेन. तू आलास तर लोकं तुला बघतील, माझ्या पोराचं ऐकणार नायत."

गाडीची घोषणा झाली. ती उठली. पिशवी त्याला घेऊ दिली नाही. डब्याच्या दारात चढल्यावर ती वळली.

"महिन्यातून एकदा फोन करायचा. मला बोलायचं नाय तुझ्याशी. पण तू हायस, एवढं कळू दे. तो गेला आणि तूपण कुठं जाऊन मेलास, असं व्हायला नको."

गाडी हलली. तिने पुन्हा बाहेर बघितलं नाही.

पुढच्या सोमवारी पाच मिनिटांचं बोलणं संपताना गोकुळ पुढे गेला. सुपरवायझरला वाटलं, रजा मागतो आहे. गोकुळने सगळ्यांसमोर सांगितलं, जाळ्यासाठी योगेश गेला नाही, माझ्यासाठी गेला, आणि मी खोटं सांगितलं होतं. यंत्रं सुरू होत होती, मागच्यांना नीट ऐकू गेलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी मागच्यांना सांगितलं. एका म्हाताऱ्या मुकादमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण त्याच्याच ओळीत काम करणारी दोन पोरं त्या दिवसापासून डबा घेऊन दुसरीकडे बसायला लागली. गोकुळने त्यांना दोष दिला नाही.

समुद्राकडे तो परत गेला नाही. गुरुवारी तो घरीच असतो. सोनमने मासे आणायचं सोडलं. शेजारच्या खोलीत बिहारचे तिघं राहायला आले. त्यांना योगेश कोण हे माहीत नाही.

दर महिन्याला गोकुळ फोन करतो. सरुबाई उचलते आणि "हां" म्हणते. तो म्हणतो, "मावशी, मी गोकुळ. बरा आहे." मग ती काही वेळ फोन कानाला धरून राहते. तिच्याकडची कोंबडी, वारा, कोणीतरी कोणाला मारलेली हाक ऐकू येते. मग फोन बंद होतो. असं चार वेळा झालं.

पाचव्यांदा सोनमने त्याच्या हातातून फोन घेतला. "मावशी, जेवलात का?" तिने विचारलं.

पलीकडून आधी कोंबडी ऐकू आली. मग आवाज आला, "भात केलाय."

"कशाबरोबर?" सोनमच्या तोंडून सवयीने गेलं; भाताबरोबर मासेच असायचे.

सरुबाईने त्याचं उत्तर दिलं नाही. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग एक आवाज, जो सोनमला आधी कळलाच नाही. फलाटावर, खोलीत, खडपावर, चौकीत, कुठेच न रडलेली ती बाई फोनवर रडत होती. बोलत काहीच नव्हती. थांबत होती, पुन्हा सुरू होत होती.

सोनम फोन कानाला लावून भिंतीशी टेकून बसली. मध्येच एकदा "मावशी" म्हणाली, मग तेही सोडून दिलं. गोकुळला कामावर जायला उशीर होत होता. तो तयार होऊन, डबा हातात घेऊन उंबऱ्यात उभा होता. पलीकडचं रडणं त्याला तिथपर्यंत ऐकू येत होतं. त्याने डबा खाली ठेवला आणि तिथेच बसला.